विनोद आणि परिचय

एखादी कोटी प्रथम ऐकली म्हणजे आपण खळखळून हसतो. तीच दुसऱ्या दिवशी कोणी ऐकविली तर नुसते स्मित करतो. आणि तिसऱ्यांदा ऐकावी लागली तर सांगणाऱ्याच्या भिडेखातर ओठ हलवितो. यावरून परिचयाने विनोद मरतो, असे अनुमान काढण्याचा मोह होतो. परंतु अनुभव याच्या उलटही साक्ष देतो. पु. ल. देशपांडे (१९१९–२०००) यांच्या 'म्हैस' किंवा 'अंतू बर्वा' या कथनांची ध्वनिमुद्रणे मराठी घरांतून पुनःपुन्हा ऐकली जातात. श्रोत्यांना पुढचे वाक्य पाठ असते, तरी ते हसतात. पुष्कळदा वाक्य येण्यापूर्वीच हसू लागतात. एकच परिचय एके ठिकाणी हसू घालवितो आणि दुसऱ्या ठिकाणी वाढवितो, हे कसे? विचार करता असे दिसते की, 'परिचय' या एका शब्दाखाली निरनिराळ्या गोष्टी एकत्र आलेल्या आहेत.

१. शेवटाचा परिचय

जर्मन तत्त्वज्ञ कांट याने १७९० मध्ये हास्याची जी मीमांसा केली, तिचा आशय असा : मनातील ताणलेली अपेक्षा एकाएकी निरर्थक ठरली म्हणजे हसू येते. पुढे १९७२ मध्ये जेरी सल्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने विनोद समजण्याच्या दोन पायऱ्या सांगितल्या. प्रथम काहीतरी विसंगत जाणवते. नंतर त्या विसंगतीचा उलगडा होतो. शेवट आधीच ठाऊक असेल तर पहिली पायरीच उरत नाही.

गुदगुल्यांचे उदाहरण येथे उपयोगी पडेल. स्वतःच स्वतःला गुदगुल्या केल्या तर हसू येत नाही. लंडनमधील संशोधकांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांवरून असे दिसले की, आपल्याच हालचालीने होणाऱ्या स्पर्शाचा अंदाज मेंदू आधीच बांधतो आणि त्यामुळे त्या स्पर्शाची संवेदना मंदावते. कोटी आणि गुदगुल्या एक नव्हेत. तथापि ज्याचा अंदाज पुरता आला त्याने मन दचकत नाही, एवढे साम्य दोहोंत आहे.

मात्र हसू कमी झाले म्हणजे विनोदाची किंमतही कमी झाली, असे नाही. १९८६ मध्ये गाव्हान्स्की या मानसशास्त्रज्ञाने तीच व्यंगचित्रे लोकांना पुनःपुन्हा दाखविली. चेहऱ्यावरील हसू ओसरले. परंतु 'चित्र किती विनोदी आहे?' या प्रश्नाला मिळणारे उत्तर फारसे बदलले नाही. हसणे ही भावनेची प्रतिक्रिया होय, तर विनोदाची पारख हा बुद्धीचा निर्णय होय. पहिली लवकर शिणते, दुसरा टिकतो.

२. जगाचा परिचय

फ्रेंच तत्त्ववेत्ता बर्गसाँ याने १९०० च्या आपल्या हास्यविषयक ग्रंथात एक गोष्ट सांगितली आहे. प्रवचन ऐकून सर्वजण रडत असता एक मनुष्य कोरडाच राहिला. कारण विचारता तो म्हणाला, की मी या पंथकाचा नव्हे. बर्गसाँच्या मते हे अश्रूंपेक्षा हास्याला अधिक लागू पडते. कारण हास्य नेहमी एखाद्या समूहाचे असते.

१९५८ मध्ये पुस्तकरूपाने आलेली 'बटाट्याची चाळ' वाचताना ज्याला मुंबईच्या चाळीचा सामाईक नळ, लांबलचक गॅलरी आणि शेजाऱ्यांची ये-जा ठाऊक आहे, त्याला प्रत्येक वाक्यामागचे चित्र विनासायास दिसते. ज्याला ते ठाऊक नाही त्याला टीप द्यावी लागते. आणि टीप वाचून विनोद समजतो, पण हसू येत नाही. कारण उलगडा क्षणात व्हावयाचा, तो हप्त्याहप्त्याने होतो.

अनेक भाषा एकत्र नांदतात अशा ठिकाणी ही गोष्ट अधिक स्पष्ट होते. बंगळूरच्या दक्षिणेस, होसूर रस्त्यावर, आनेकल तालुक्यात बोम्मसंद्रा ही औद्योगिक वसाहत आहे. १० ऑगस्ट २०२५ पासून शहरातील मेट्रोची पिवळी मार्गिका येथवर पोहोचली आहे. अशा वसाहतीत कन्नड, तमिळ, तेलुगू, हिंदी, मराठी बोलणारी माणसे एका छपराखाली काम करतात. सोलापूर-लातूरकडून नव्याने आलेल्या कामगाराच्या कानावर जेवणाच्या सुट्टीतील कन्नड कोटी पडते. भोवतालचे हसतात, तो गप्प राहतो. तो मंद नसतो की रुष्ट नसतो. त्या हास्यामागचे जग त्याला अजून परके असते. पुढे तेच यंत्र, तीच चुकलेली बस, तोच पातळ सांबार सर्वांच्या परिचयाचा झाला म्हणजे मोडक्यातोडक्या मिश्र भाषेतील दोन शब्दही सर्वांना हसवू शकतात. एकत्र हसता येणे ही आपलेपणाची एक खूणच होय.

३. माणसाचा परिचय

१९६८ मध्ये रॉबर्ट झायोन्क याने दाखवून दिले की, अर्थहीन शब्द, अनोळखी लिपीसारखी चिन्हे किंवा चेहऱ्यांची छायाचित्रे वारंवार नजरेखालून गेली, तर ती अधिक आवडू लागतात. तमाशाच्या गवळणीत याचा पडताळा मिळतो. कृष्ण आणि पेंद्या मथुरेच्या बाजाराला निघालेल्या गवळणींची वाट अडविणार आणि मावशी पुढे होऊन वाद घालणार, हे प्रेक्षकांस ठाऊक असते. मावशी रंगमंचावर येताच, ती काही बोलण्यापूर्वी, हशा पिकतो. तिची तऱ्हा जुनी, ओळखीची. परंतु तिची उत्तरे त्या त्या गावाप्रमाणे आणि प्रसंगाप्रमाणे नवी. चौकट परिचित आणि आतला तपशील अनपेक्षित, हीच टिकाऊ विनोदाची रचना होय.

रॉबर्ट प्रोव्हाइन याने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निरीक्षणातही, हास्याच्या सुमारे १,२०० प्रसंगांपैकी एक-पंचमांशाहून कमी प्रसंगी आधीचे बोलणे विनोदी म्हणता येण्याजोगे आढळले. बाकीचे हसू साध्या बोलण्यावर, परस्परांच्या सहवासातून आलेले होते.

४. करून पाहण्याजोगा प्रयोग

वर्गात पाच लहान विनोद आणि एखाद्या विनोदी व्यक्तिचित्राचा उतारा निवडावा. एकाच विद्यार्थ्याने ते तीन आठवडे, दर सोमवारी, वाचून दाखवावेत. प्रत्येकाने शेजाऱ्याशी न बोलता शून्य ते पाच गुण लिहावेत. दुसऱ्या एका विद्यार्थ्याने मोठ्याने हसणाऱ्यांची संख्या मोजावी. हसू संसर्गजन्य असल्याने ही दोन मापे वेगळी ठेवणे अगत्याचे आहे. शेवटी हसू आणि गुण सारख्याच वेगाने उतरतात काय, आणि कोटी व व्यक्तिचित्र यांत कोण अधिक टिकते, हे पाहावे.

तात्पर्य, शेवट माहीत झाल्याने विनोदातील धक्का जातो. जग आणि माणूस माहीत झाल्याने विनोदाला मूळ धरण्यास जमीन मिळते. म्हणून आपल्या हसण्यात कोणी सामील झाला नाही, तर त्याला अरसिक ठरविण्यापूर्वी त्याची आणि आपल्या जगाची ओळख कितपत झाली आहे, हे विचारणे योग्य ठरेल.