चित्रानें विचारलेला प्रश्न

कोणतीहि मोठी इमारत बांधावयाची झाल्यास प्रथम तिचा आराखडा कागदावर काढितात, हें आमच्या वाचकांस ठाऊक आहेच. संगणकाच्या आज्ञावलीचेंहि तसेंच आहे. रुग्णालय, रेल्वे, पेढी अशा ठिकाणीं लागणारी आज्ञावली फार मोठी असते. म्हणून पुष्कळदां आधीं तिचा चौकटींचा व बाणांचा आराखडा तयार करितात आणि त्यावरूनच पुढील आज्ञावली रचितात. कधीं कधीं तर तिचा कांहीं भाग आराखड्यावरून यंत्रच लिहून काढतें. अशा आराखड्यांसाठीं यूएमएल नांवाची चित्रलिपि १९९७ सालीं ऑब्जेक्ट मॅनेजमेंट ग्रुप या संस्थेनें मान्य केली. ती आजहि वापरांत आहे.

आतां अडचण अशी कीं, आराखडा फार मोठा झाला म्हणजे त्यांत चूक कोठें दडली आहे हें नुसत्या डोळ्यांनीं दिसत नाहीं. समजा, एका रुग्णालयाच्या आराखड्यांत "औषध देणें" ही चौकट पन्नास ठिकाणीं आली आहे. नियम असा कीं, प्रत्येक ठिकाणीं तिच्या आधीं "मात्रा तपासणें" ही चौकट असावी, व तेथून निघालेला बाण "औषध देणें" या चौकटीस पोंचावा. एका जरी ठिकाणीं तपासणी राहून गेली, तरी तीच चूक आज्ञावलींत उतरेल आणि तिचें फळ एखाद्या रोग्यास भोगावें लागेल. म्हणून आराखड्यासच विचारतां आलें पाहिजे कीं, तपासणीवांचून औषध कोठें दिलें जातें?

हा प्रश्न कोणत्या भाषेंत विचारावा? यूएमएलबरोबरच १९९७ सालीं ऑब्जेक्ट कन्स्ट्रेंट लँग्वेज नांवाची एक लेखी भाषा पुढें आली. ती काटेकोर आहे. पण जो ती शिकला त्यासच ती वाचतां येते. ज्या परिचारिकेनें जन्मभर रोग्यांस औषधें दिलीं, तिला धोका कोठें असतो हें चांगलें कळतें. तरी तिला आपला प्रश्न दुसऱ्याकडून लिहवून घ्यावा लागतो, आणि त्यानें तो बरोबर लिहिला कीं नाहीं हें तिला पडताळतां येत नाहीं.

येथें चित्र उपयोगी पडतें. १९७५ च्या सुमारास आयबीएममधील मोशे झ्लूफ यांनीं एक युक्ति काढिली. माहितीच्या कोष्टकास प्रश्न विचारणाऱ्यानें तसेंच रिकामें कोष्टक घेऊन त्यांत हव्या त्या उत्तराचा मासला भरावा, आणि त्याशीं जुळणाऱ्या ओळी संगणकानें शोधून द्याव्या. आराखड्यांच्या बाबतींतहि पुढें असाच विचार झाला. डेन्मार्कच्या तंत्र विद्यापीठांतील हाराल्ड श्टोर्ले यांनीं २०११ सालीं व्हीएमक्यूएल या पद्धतीविषयीं निबंध प्रसिद्ध केला. तींत आराखडा ज्या चिन्हांनीं काढिला त्याच चिन्हांनीं प्रश्नहि काढावयाचा असतो. जास्त अटी शेजारीं टिपणांत लिहावयाच्या असतात. म्हणून ज्यास आराखडा वाचतां येतो, त्यास प्रश्नहि बराचसा उमगतो.

मग चित्रानें सर्व काम भागलें काय? नाहीं. "आहे" हें चित्रानें सहज दाखवितां येतें. "नाहीं" दाखवितांना घोटाळा होतो. आंबा काढतां येतो, पण आंब्याचा अभाव कसा काढावा? अमेरिकन तत्त्ववेत्ते चार्ल्स पर्स यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस एक उपाय सुचविला : जें नाकारावयाचें, त्याभोंवतीं बंद रेषा ओढावी. आपण हा उपाय करून पाहूं.

"मात्रा तपासणें" व "औषध देणें" अशा दोन चौकटी काढून त्या बाणानें जोडा. आतां तपासणीची चौकट व बाण एवढ्यांभोंवतींच बंद रेषा ओढा. अर्थ असा झाला : औषध देण्याची अशी एक तरी जागा आहे कीं, जिच्या आधीं तपासणी नाहीं. तीच रेषा वाढवून दोन्ही चौकटी आंत घ्या. आतां अर्थ असा : तपासणी करून औषध दिलें जातें अशी एकहि जागा नाहीं. पन्नासांपैकीं एकोणपन्नास ठिकाणीं तपासणी असेल, तर पहिलें विधान खरें व दुसरें खोटें. पहिलें चित्र चुकलेली जागा शोधून देईल. दुसरें काढणारास मात्र "असें नाहीं" एवढेंच उत्तर मिळेल. तो निर्धास्त होईल, आणि रोगी धोक्यांतच राहील. रेषा बोटभर सरकली, एवढाच काय तो फरक!

यासाठीं दोन गोष्टी कराव्या. प्रश्नाचें चित्र काढल्यावर तें पूर्ण वाक्यांत मोठ्यानें वाचून पाहावें. नंतर एक लहानसा आराखडा घेऊन त्यांत जाणूनबुजून चूक ठेवावी. ती चूक सांपडली नाहीं, तर आपला प्रश्नच चुकला असें समजावें.

विद्यार्थ्यांनीं घरीं शाळेच्या ग्रंथालयाचा आराखडा काढून पाहावा, आणि "नोंद न करितां पुस्तक कोठें दिलें जातें?" हा प्रश्न चित्रानें विचारावा. मग तें चित्र आपल्या वडील माणसांस दाखवून, त्यांनीं काय वाचलें तें ऐकावें. त्यांच्या तोंडून आपलाच प्रश्न निघाला, म्हणजे चित्र साधलें.