उशिरा पोचलेला सोबती

आजचं वाचन: योहान १९:३८-४२



बाबा गेले तेव्हा मी पुण्यात होतो. रात्रीची बस धरून मुखेडला पोचलो, तोवर सगळं संपलं होतं. ‘आपण तिथं नव्हतो’ ही बोच अजून जात नाही. घर सोडून शहरात राहणाऱ्या तुम्हालाही ती ठाऊक असेल.

आजच्या वाचनातले अरिमथाईकर योसेफ आणि निकदेमही उशिराच पुढे आले. योसेफ तर भीतीपोटी लपून शिष्य झालेला. पण प्रभूचा देह कबरेत ठेवायला हेच दोघे होते.

मला इथं बिशप जॉर्डन आठवतात. फ्रान्सचे हे डॉमिनिकन धर्मगुरू १३२१ मध्ये चार फ्रान्सिस्कन सोबत्यांसह ठाण्याला उतरले. काळ धामधुमीचा. इकडे देवगिरीचं यादवांचं राज्य बुडालेलं, तिकडे दिल्लीत खिलजी जाऊन तुघलक आलेले. जॉर्डन गुजरातकडे निघाले, सोबती ठाण्यातच थांबले. एप्रिलमध्ये धर्मावरून वाद झाला, त्यांना काझीपुढे उभं केलं गेलं. थॉमस, जेम्स, पीटर आणि दिमित्रियस, चौघेही मारले गेले. जॉर्डन तिथं नव्हते.

ते परतले. सोबत्यांचे देह त्यांनी सोपाऱ्याला, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याकडे, नेऊन पुरले. आणि पळून न जाता याच किनाऱ्यावर राहिले. लोकांना बाप्तिस्मा देत राहिले. ऑक्टोबर १३२१ मध्ये घोघ्याहून आपल्या धर्मबंधूंना पत्र लिहिलं: सोपारा, भरूच, कोल्लम इथं काम आहे, माणसं पाठवा. दुःखात मदत मागायला ते लाजले नाहीत.

पुढे १३२९ मध्ये पोप बावीसावे योहान यांनी त्यांना कोल्लमचे बिशप नेमलं. भारतातले ते पहिले लॅटिन बिशप. पण मला वाटतं, मेंढपाळ ते त्याआधीच झाले होते, सोपाऱ्याच्या त्या कबरींपाशी.

उशीर झाला म्हणून आपलं काम संपत नाही. बाबांना मी भेटू शकलो नाही, पण शवपेटीला खांदा दिला. आई अजून आहे. तिच्याजवळ बसणं माझ्या हातात आहे.

आज एवढंच करूया: जिथं उशीर झालाय, तिथं उरलेलं एक काम शोधूया. एखादा फोन, एखादी भेट, एखाद्या कबरीवर फुलं.

प्रभू येशू, आम्ही उशिरा येतो, तरी तू आम्हाला परत पाठवत नाहीस. उरलेलं काम करायला बळ दे. आमेन.