उलटविणारे आणि न उलटविणारे आदान

लखनौच्या किंग जॉर्ज वैद्यकीय महाविद्यालयात १९११ सालापासून वैद्यकाचे अध्यापन होत आले आहे. २००२ मध्ये त्याचे विद्यापीठ झाले. अशा मोठ्या रुग्णालयात दररोज कितीतरी रुग्णांचा विद्युत् हृल्लेख, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेला ईसीजी, काढला जातो. त्यातील पहिल्या आलेखासाठी उजव्या हाताची तार विवर्धकाच्या ऋण चिन्हाच्या आदानाकडे आणि डाव्या हाताची धन चिन्हाच्या आदानाकडे नेतात.

ही चिन्हे पाहून नवशिक्याची हमखास फसगत होते. धन चिन्ह म्हणजे बॅटरीचे धन टोक जोडण्याची जागा, असे त्याला वाटते. वस्तुतः दोन्ही आदानांना धन वा ऋण कोणताही विद्युत् दाब देता येतो. कोणत्या दाबातून कोणता वजा व्हावयाचा, एवढेच ती चिन्हे सांगतात. धन आदानावरील दाब वाढला की प्रदानाचा दाब वाढतो. ऋण आदानावरील वाढला की तो उतरतो. म्हणून पहिले न उलटविणारे आणि दुसरे उलटविणारे.

या वजाबाकीवाचून हृदयाचा क्षीण संदेश हाती लागला नसता. समजा, खोलीतील वीजतारांमुळे एखाद्या क्षणी रुग्णाच्या सर्व शरीरावर १० मिलिव्होल्ट दाब आलेला आहे. हृदयाच्या क्रियेमुळे डाव्या हातावर १०.६ आणि उजव्या हातावर ९.८ मिलिव्होल्ट आढळतात. फरक ०.८ मिलिव्होल्टचा. तो हजारपट केला की ०.८ व्होल्ट मिळतात, आणि दोन्ही हातांवर सारखाच असलेला वीजतारांचा उपद्रव वजा होऊन जातो.

१९६८ साली निघालेल्या ७४१ या प्रसिद्ध चिपमध्ये दुसरी पिन उलटविणारी व तिसरी न उलटविणारी असते. तिचे मूळ विवर्धन सुमारे दोन लाख पट असल्यामुळे ती मोकळी सोडली, तर किंचित् फरकानेही प्रदान एका टोकाला जाऊन बसते. म्हणून प्रदानाचा काही अंश रोधकातून ऋण आदानाकडे परत आणतात. तोच चुकून धन आदानाकडे आणला, तर प्रदान टोकालाच अडकून राहते. शेजारशेजारच्या पिनांमुळे ही चूक फार सोपी आहे! १० हजार व १ लाख ओहमचे रोधक घेतले, तर उलट्या मांडणीत विवर्धन उणे १० होते आणि सुलट मांडणीत ११. पण उलट्या मांडणीत संदेशाला १० हजार ओहमच्या रोधकातून प्रवाह पुरवावा लागतो. त्वचेचा रोधही हजारो ओहमचा असल्यामुळे अशाने बराचसा संदेश वाटेतच खर्ची पडेल. यासाठी हृल्लेखयंत्रात प्रत्येक हाताची तार प्रथम स्वतंत्र न उलटविणाऱ्या आदानाला जोडतात, वजाबाकी त्यानंतर.

आता दोन्ही हातांच्या तारांची अदलाबदल झाली असे माना. ०.८ ऐवजी उणे ०.८ व्होल्ट येतील, आणि पहिला आलेख सर्वस्वी पालथा उमटेल. हृदय उजव्या बाजूस असलेल्या माणसाचा पहिला आलेखही असाच दिसतो. मात्र त्याच्या बाबतीत छातीवरील आलेखांचे उंच शिखर डावीकडे सरकताना लहान होत जाते. तारांची केवळ अदलाबदल झाली असेल, तर ते नेहमीप्रमाणे वाढत जाते. अशा वेळी अनुभवी डॉक्टर निदान लिहिण्यापूर्वी रुग्णाची मनगटे पाहतो.