मॉरिशस बेटावर

गोंदिया जिल्ह्याच्या सीमेला मध्यप्रदेश व छत्तीसगड ही दोन राज्ये भिडली आहेत. त्यामुळे तेथील एखादा मुलगा आजीशी पोवारीत बोलतो, बाजारात हिंदीत भाव विचारतो आणि शाळेत मराठीतून धडा वाचतो. सालेकसा-देवरीच्या बाजूस गोंडी व छत्तीसगडीही कानी पडतात. अशा मुलाला हिंदी महासागरातील मॉरिशस बेटावर नेले, तर तेथील बोलण्याची तऱ्हा त्याला फारशी परकी वाटणार नाही.

हे बेट मुंबईहून सुमारे 4,700 किलोमीटर दूर असून आकाराने गोंदिया जिल्ह्याच्या निम्म्याहूनही लहान आहे. तेथे सरकारी कारभार इंग्रजीत चालतो, वर्तमानपत्रे बहुधा फ्रेंचमध्ये निघतात आणि घरोघरी क्रिओल बोलली जाते. मळ्यांवर राबणाऱ्या गुलामांनी फ्रेंच शब्द आपल्या जिभेवर घोळवून जी बोली घडविली, तीच ही क्रिओल होय.

1715 पासून 1810 पर्यंत या बेटावर फ्रेंचांची सत्ता होती. ला बूर्दोने हा गव्हर्नर 1735 मध्ये तेथे आला व त्याने पोर्ट लुई हे बंदर नावारूपास आणले. पुढे इंग्रजांनी बेट जिंकले; परंतु शरणागतीच्या करारात रहिवाशांचा धर्म, कायदे आणि चालीरीती राखण्याचे वचन त्यांना द्यावे लागले. राज्य गेले, पण फ्रेंच भाषा राहिली!

पोर्ट लुईच्या धक्क्यावर आप्रवासी घाट नावाची एक जुनी वास्तू आहे. तिच्या दगडी पायऱ्या दिसावयास साध्याच आहेत. गुलामगिरी बंद होण्याच्या सुमारास उसाच्या मळ्यांना मजुरांची गरज पडली. 1834 मध्ये कलकत्त्याहून ‘अ‍ॅटलस’ जहाजातून 36 मजूर आले. 1920 पर्यंत हा आकडा सुमारे पाच लाखांवर गेला. करारपत्रावर अंगठा उठविणाऱ्या या मजुरांना ‘गिरमिटिये’ म्हणत. त्यांत बिहारचे लोक पुष्कळ होते. तमिळ व तेलुगू होते. आणि मुंबई बंदरातून निघालेले कोकणचे मराठी लोकही होते. करार संपल्यावर काही परतले, अनेक मात्र तेथेच राहिले.

मराठी लोकांची वस्ती पश्चिमेकडील ब्लॅक रिव्हर भागात विशेष आढळते. हा प्रदेश मोठा रानवट आहे. खोल दऱ्या, दाट अरण्य आणि समुद्रात घुसलेला ल मॉर्नचा 556 मीटर उंच कडा! याच कड्याच्या गुहांत पळालेले गुलाम दडून राहत. डोडो नावाचा न उडणारा पक्षी याच बेटावरचा. सतराव्या शतकात माणसांनी व त्यांनी आणलेल्या जनावरांनी त्याचा निर्वंश केला. तेथील लहान ससाणाही 1974 मध्ये रानात अवघा चारच उरला होता. अंडी उबवून, पिले सांभाळून लोकांनी तो वाचविला. गोंदियाच्या धानाच्या बांध्यांत सारसाची जोडी पाहिलेल्या मुलास या धडपडीचे मोल सांगावयास नको.

त्या कोकणी घरांतील बोलण्यातून मराठी हळूहळू मागे पडली. मळ्यावर क्रिओल, कचेरीत इंग्रजी. मराठीला जागा उरली ती देवघरात आणि सणात. कोकणातील जाखडी तेथे ‘झाकरी’ या नावाने आजही नाचली जाते. शाळेत मुले मराठी हा विषय घेऊ शकतात. आजोबांच्या तोंडून ऐकलेले शब्द काही जण तेथेच प्रथम देवनागरीत लिहितात. गणेश चतुर्थीस तर साऱ्या देशाला सुट्टी असते.

विसर्जनाच्या दिवशी मूर्ती घेऊन मंडळी समुद्राकाठी येतात. तेथे आरती मराठीत होते. मग प्रसाद वाटला जातो, लहान मुले वाळूत धावू लागतात, आणि त्यांच्या आया त्यांना क्रिओलमध्ये हाका मारतात.