व्यायाम-प्रशिक्षक आणि सम्यक आजीविका

राजगृहाजवळील शीतवनात सोण कोळिविस या भिक्खूने चंक्रमण करता करता स्वतःचे पाय रक्तबंबाळ करून घेतले. गृहस्थजीवनात तो वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला तिचेच स्मरण करून दिले : तार अति ताणली किंवा सैल सोडली, तर वीणा वाजत नाही. व्यायाम-प्रशिक्षकाच्या विद्येचे मर्म हेच आहे.

आज आपले अनेक तरुण या व्यवसायाकडे वळत आहेत. परंतु पिळदार देह म्हणजे पात्रता नव्हे. हृदयविकार, मधुमेह, जुनी दुखापत व चालू औषधे यांची आधी विचारपूस करणे, आवश्यक तेथे वैद्याचा सल्ला घ्यावयास लावणे आणि भार क्रमाक्रमाने वाढविणे, हे शिकूनच येते.

भारतात या क्षेत्रासाठी स्वतंत्र कौशल्य परिषद असून 'फिटनेस ट्रेनर' ही पात्रता राष्ट्रीय कौशल्य चौकटीत समाविष्ट आहे. १९८५ साली स्थापन झालेल्या 'अमेरिकन कौन्सिल ऑन एक्सरसाइज'च्या प्रमाणपत्रासाठी वयाची १८ वर्षे पूर्ण असावी लागतात व सीपीआरचे, म्हणजे हृदय बंद पडल्यास द्यावयाच्या प्रथमोपचाराचे, वैध प्रमाणपत्र लागते. परीक्षेत १५० प्रश्न असतात. उत्तीर्ण झाल्यावरही दर दोन वर्षांनी २० तासांचे अध्ययन करून प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते.

पालकहो, मुलांना या वाटेवरून परावृत्त करू नका. मात्र शिक्षण पूर्ण करण्याचा आग्रह धरा. झटपट शरीरासाठी उत्तेजक इंजेक्शने विकणारा प्रशिक्षक पैसा मिळवील, पण ती सम्यक आजीविका ठरणार नाही. विश्वासाने आलेल्या माणसाला अपाय होऊ न देणे, हीच या व्यवसायाची पहिली अट आहे.