मोटेचा नाडा आणि गलबताचे शीड

छंद म्हटला की पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी, फार तर छायाचित्रण एवढेच आपल्या डोळ्यांसमोर येते. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्याने शिडाच्या जहाजांच्या प्रतिकृती कराव्यात, हे ऐकले की मित्र हसतात. त्यांचेही चुकत नाही. समुद्र आमच्यापासून सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ४०० किलोमीटर लांब आहे. आमच्या गंगाखेड तालुक्यात मोठे पाणी म्हणजे गोदावरी, आणि तिलाही आम्ही गंगाच म्हणतो. उन्हाळ्यात तिच्या पात्रातून चालत जाता येते. तरीही गेली दोन वर्षे हा छंद मला पुरून उरला आहे. तो मला कसा लागला आणि त्यातून मी काय शिकलो, ते या लेखात सांगतो. कोणाला करून पाहावेसे वाटले तर उपयोगी पडावे म्हणून कृतीही देत आहे.

सुरुवात इतिहासाच्या अभ्यासातून झाली. मराठ्यांच्या आरमारावर टिपण लिहायचे होते. १६७९ साली शिवाजी महाराजांनी मुंबईच्या तोंडाशी असलेल्या खांदेरी बेटावर किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी तो अडवण्याचा प्रयत्न केला. इंग्रजांची जहाजे मोठी होती, तोफाही भारी होत्या. परंतु वारा पडला की ती जागच्या जागी उभी राहत. मराठ्यांची हलकी गलबते मात्र वल्ह्यांवर निसटून बेटावर रसद पोचवीत. हे वाचले आणि प्रश्न पडला, की ही गलबते दिसत कशी होती?

या प्रश्नाचे बरेचसे उत्तर रॉबर्ट ऑर्म या इंग्रज इतिहासकाराने १७६३ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात मिळते. त्याने आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबते यांचे वर्णन केले आहे. गुराब मोठी असे. दोन डोलकाठ्यांची असली तर सुमारे १५० टनांपर्यंत, तीन काठ्यांची असली तर सुमारे ३०० टनांची. तिची नाळ पुढे लांब निघालेली असे आणि त्या नाळेवरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा बसवलेल्या असत. गलबत त्याच घडणीचे पण लहान. मोठ्यातले मोठे ७० टनांच्या आसपास. त्याला दोन डोलकाठ्या, त्यांतली मागची अगदी बारीक. मुख्य काठीवर एकच मोठे त्रिकोणी शीड, आणि ते चढवले की त्याचे टोक काठीच्याही वर जाई. वल्ही ४० ते ५०. वारा नसतानाही ते ताशी सुमारे ४ मैल जाई. काही गलबतांवरची तक्तपोशी तर चिरलेल्या बांबूंची असे. कान्होजी आंग्रे १७२९ साली वारले आणि १७५६ साली विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जळाले. कोकणातले कारागीर कागदावर नकाशा काढून नव्हे, तर नजरेच्या आणि हाताच्या मापाने जहाज बांधीत. तेव्हा असे गलबत डोळ्यांनी पाहायचे तर ते आपणच करून पाहावे, असे मी ठरवले.

नवशिक्याने गुराबेच्या वाटेला जाऊ नये, गलबतच घ्यावे. मी प्रमाण १:५० धरले. म्हणजे १८ मीटरांचे गलबत ३६ सेंटिमीटरांचे होते आणि साडेपाच फुटी खलाशी साधारण बोटाच्या निम्म्या उंचीचा. सुताराकडून सागवानाच्या पातळ फळ्यांचे तुकडे आणावेत. प्रत्येक तुकडा त्या त्या उंचीवरच्या आकाराने कापून एकावर एक चिकटवावा आणि मग पॉलिश कागदाने घासून पोट गोल करावे. डोलकाठी आणि शिडाची तिरपी काठी बांबूच्या काडीची करावी. शिडाला नवे कापड घेऊ नये. ते ताठ राहते. धुऊन धुऊन मऊ झालेले धोतर उत्तम. इथपर्यंतचे काम कोणालाही महिन्याभरात जमते.

खरी परीक्षा दोरकामाची. माझे पहिले गलबत मी शिवणाच्या दोऱ्याने बांधले आणि प्रत्येक गाठीवर चिकटद्रव्याचा थेंब टाकला. लांबून ते छान दिसे. मी ते आजोबांना, आबांना, दाखवले.

आबांविषयी थोडे सांगायला हवे. २०१५ च्या दुष्काळात आमची बैलजोडी विकावी लागली. चारा नव्हता, पाणी नव्हते. बैल गेले, त्यांचे कासरे, दावी, वेसणी गोठ्यातल्या खुंटीवर तशाच राहिल्या. पुढे वडिलांनी भाड्याच्या ट्रॅक्टरने शेती सुरू ठेवली, पण आबांच्या हाताला काम उरले नाही. ते ओसरीवर बसून असत. विचारले तर बोलत, नाहीतर नाही. मी गावी गेलो की त्यांच्याशी काय बोलावे हे मला सुचत नसे.

त्यांनी ते गलबत हातात घेतले, दोऱ्या बोटाने चाचपल्या आणि विचारले, "लेकरा, हे शीड खाली कसं घ्यायचं?"

मी म्हणालो, "खाली नाही घेता येत, चिकटवलंय."

"मंग वावधान सुटलं तर?"

मला उत्तर देता आले नाही. समुद्र कधीही न पाहिलेल्या माणसाने माझ्या दोन महिन्यांच्या कामातली चूक एका प्रश्नात दाखवली होती. मी पुस्तकातली आकृती काढून त्यांना समजावू लागलो, तेव्हा त्यांनीच मला समजावले. तरुणपणी त्यांनी मोट हाकली होती. मोटेला दोन दोर. वरच्या चाकावरून जाणारा जाड नाडा मोट वर ओढतो. खालच्या रुळावरून जाणारी सोल तिची सोंड धरून ठेवते, आणि पाणी केव्हा सांडायचे ते ठरवते. "तुझ्या शिडालाबी दोनच दोर पायजेत. एक वर न्यायला, एक तोंड धरायला."

शिडाचे शास्त्र नेमके असेच आहे. एक दोर काठीच्या टोकाजवळच्या कप्पीतून जाऊन शीड उचलतो, दुसरा शिडाचे मागचे टोक धरून वारा किती घ्यायचा ते ठरवतो. जहाजावरचे दोर दोन प्रकारचे असतात. काही डोलकाठी उभी धरतात. त्यांना स्थिर दोर म्हणू. काही शिडे हलवतात; त्यांना चालते दोर म्हणू. मोठ्या युरोपीय जहाजांवर स्थिर दोर कायमचे ताणलेले असतात. आपल्या त्रिकोणी शिडाच्या जहाजांत मात्र गंमत आहे. वाऱ्याच्या बाजूचे आधारदोर ताणायचे आणि पलीकडचे सैल सोडायचे, म्हणजे शिडाला पसरायला जागा मिळते. जहाज वळले की हीच अदलाबदल उलटी करायची. शिवाय शीड उचलणारा दोर काठीच्या मागे नेऊन बांधतात, त्यामुळे तोच काठीला मागून आधारही देतो. म्हणून या गलबतावर एकही गाठ मेलेली चालत नाही. निरगाठ मारली की संपले. हवी ती सुरगाठ, ओढल्याबरोबर सुटणारी.

मी पहिले दोरकाम कात्रीने कापून काढले. दुसरे आम्ही दोघांनी मिळून केले. दोर आबांनी वळले. बाजारचा दोरा नुसता ताणला तर केसाळ दिसतो. दोर दिसण्यासाठी त्याला पेड हवेत. दोन किंवा तीन पदर एका दिशेला पिळायचे, मग एकत्र करून उलट दिशेला वळायचे, म्हणजे पीळ उकलत नाही. खरा दोर ५ सेंटिमीटर जाड धरला तर १:५० ला तो १ मिलिमीटर होतो. आबांच्या हाताला आयुष्यभर अंबाडीच्या जाड दोराची सवय. पहिले चार दिवस दोरा तुटत राहिला. नंतर मांडीवर तळहात फिरू लागला आणि एकसारखा, बारीक, तिपेडी दोर खाली उतरू लागला. तो मधमाशीच्या मेणातून ओढला की तूस बसते. डांबर लावलेले दिसावेत म्हणून स्थिर दोर काळे करावेत, चालते दोर चहाच्या पाण्यात बुडवून पिवळसर ठेवावेत. काम नेहमी आतून बाहेर आणि खालून वर करीत जावे, नाहीतर चिमटा घालायला जागा उरत नाही. घाई झाली की उठावे आणि पाणी पिऊन यावे. थरथरत्या हाताने गाठ बसत नाही, आणि गाठ बसवता बसवता हातही शांत होतो, असा माझा अनुभव आहे. परीक्षेच्या दिवसांत मला याइतकी विश्रांती दुसऱ्या कशात मिळाली नाही.

ही केवळ खेळण्याची गोष्ट आहे असे कोणी समजू नये. आपल्याच मराठवाड्यात अजिंठ्याच्या दुसऱ्या क्रमांकाच्या लेण्यात तीन डोलकाठ्यांच्या जहाजाचे चित्र आहे. अजिंठ्याच्या चित्रावरून प्रेरणा घेऊन खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले जहाज गोव्यात बांधण्यात आले. चित्रावरून खरे जहाज उभे करण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती मद्रासच्या आयआयटीत पाण्यावर तपासली गेली. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे ते 'कौंडिण्य' या नावाने नौदलात दाखल झाले. २९ डिसेंबर २०२५ ला ते पोरबंदरहून निघाले आणि जानेवारी २०२६ मध्ये शिडांच्या बळावर मस्कतला पोचले. जहाज पोचल्याची बातमी मी आबांना वाचून दाखवली. त्यांनी एवढेच विचारले, "दोर कुणी वळले?"

आमचे गलबत आता ओसरीवरच्या कोनाड्यात असते. त्याचे शीड वर जाते, खाली येते. शेजारची पोरे ते पाहायला येतात आणि आबा त्यांना नाडा कोणता, सोल कोणती ते दाखवतात. गुराबेचे काम सुरू केले आहे. तिला लागणाऱ्या जाड दोरासाठी आबांनी खुंटीवरचा एक जुना कासरा काढून उकलला, त्याचा पीळ कसा घातला आहे ते मला पाहता यावे म्हणून. दहा वर्षांत त्या खुंटीला त्यांनी हात लावल्याचे मी प्रथमच पाहिले.