तीन वर्षांचे मौन

इ. स. १८९७ च्या मार्च महिन्यातील ती रात्र होती. रशियाची त्या वेळची राजधानी सेंट पीटर्सबर्ग येथे एका सभागृहात नव्या संगीतरचनेचे प्रथमच वादन चालले होते. श्रोते दाटीने बसले होते. पण ज्याने ती रचना केली होती तो तेवीस वर्षांचा तरुण मात्र आत नव्हता. बाहेरच्या गोल जिन्यावर तो अंग चोरून बसला होता. आतून येणारे सूर असह्य झाले, की तो कानांवर हात ठेवी.

त्या तरुणाचे नाव सर्गेई राखमानिनॉफ. मॉस्कोच्या संगीत विद्यालयातून १८९२ साली तो सुवर्णपदक मिळवून बाहेर पडला होता. पुढे १८९५ साली त्याने आपली पहिली सिंफनी लिहिली. सिंफनी म्हणजे अनेक वाद्यांच्या वृंदासाठी रचलेली दीर्घ संगीतकृती. तिच्यावर त्याने जीव ओतला होता. परंतु त्या रात्रीच्या वादनाची तालीम पुरेशी झाली नव्हती. वादकांचा मेळ बसेना. श्रोते नाराज झाले, आणि सेझार क्युई या संगीतकाराने तर वृत्तपत्रात लिहिले, की ही रचना ऐकून बायबलात ईजिप्तवर कोसळलेल्या अरिष्टांची आठवण होते! टीका करावी, पण नवशिक्याच्या पहिल्या मोठ्या कृतीवर इतका घाव घालण्याचे कारण नव्हते.

त्यानंतर राखमानिनॉफची लेखणी जणू गोठली. त्याचे हात शाबूत होते, कान तितकेच तयार होते. पियानो तर तो उत्तम वाजवीत होता. तो शिकवण्या करी. एका खाजगी संगीतनाटक मंडळीत वाद्यवृंदाचा संचालक म्हणूनही त्याने एक हंगाम काम केले. पण नवे काही रचण्यासाठी कोरा कागद पुढे घेतला, की त्याला काही सुचेनासे होई. १८९९ साली तो लंडनला गेला. तेथील लोकांना त्याने नवा कॉन्चेर्टो, म्हणजे एकटा पियानो आणि संपूर्ण वाद्यवृंद यांची जोडरचना, लिहून देण्याचे वचन दिले. घरी परतल्यावर एक ओळही उमटेना.

स्नेह्यांनी त्याला थोर कादंबरीकार टॉलस्टॉय यांच्याकडे नेले. थोरांच्या भेटीने धीर येईल, अशी त्यांची आशा. राखमानिनॉफचे एक गीत तेथे गायले गेले. टॉलस्टॉयना ते आवडले नाही. तरुण अधिकच खचून परतला.

मग १९०० सालच्या जानेवारीपासून तो डॉ. निकोलाय दाल यांच्याकडे जाऊ लागला. डॉक्टर मनाच्या विकारांवर उपचार करीत, आणि स्वतः हौसेने वाद्यही वाजवीत. राखमानिनॉफ आरामखुर्चीत अर्धवट निद्रेत पडून राही व डॉक्टर त्याला सांगत, की तुझ्या हातून कॉन्चेर्टो लिहून होईल, आणि तो चांगला होईल. हेच रोज, महिनोन्‌महिने! संगीतावर त्यांच्या गप्पाही होत. संमोहनाचा गुण किती आणि एका रसिक माणसाच्या आपुलकीचा किती, हे कोणी सांगावे?

उन्हाळ्यात सूर पुन्हा सुचू लागले. गंमत अशी, की त्याने आरंभापासून आरंभ केलाच नाही. कॉन्चेर्टोचे तीन भाग; त्यांपैकी दुसरा आणि तिसरा आधी तयार झाले. डिसेंबर १९०० मध्ये ते दोनच भाग त्याने मॉस्कोच्या श्रोत्यांपुढे वाजविले. त्यांना ते आवडल्यावर मग त्याने पहिला भाग लिहिला. त्याच्या प्रारंभी पियानो एकटाच बोलतो. दूरच्या देवळातील घंटेसारखे आघात आधी अगदी मंद येतात, मग मोठे होत जातात, आणि शेवटी सारा वाद्यवृंद त्यांना येऊन मिळतो.

तरीही जुनी भीती पुरती गेली नव्हती. संपूर्ण रचनेच्या वादनाला थोडे दिवस उरले असता त्याने एका मित्राला पत्र लिहून पहिला भाग मुळीच साधला नसल्याचे कळविले. पण या वेळी तो जिन्यावर जाऊन बसला नाही. १९०१ सालच्या शरद ऋतूत तो स्वतः पियानोपाशी बसला आणि श्रोत्यांनी सभागृह दणाणून सोडले. तो कॉन्चेर्टो त्याने डॉ. दाल यांना अर्पण केला.

त्या पहिल्या सिंफनीचे काय झाले? राखमानिनॉफने ती हयातीत पुन्हा कधी वाजवू दिली नाही. १९१७ साली त्याने रशिया सोडला तेव्हा तिची मूळ प्रत मागे राहिली व पुढे नाहीशी झाली. १९४३ साली अमेरिकेत त्याचा अंत झाला. नंतर लेनिनग्राडच्या संगीत विद्यालयात वादकांसाठी उतरवून घेतलेले जुने सुटे कागद सापडले. जाणकारांनी ते जुळविले आणि ऑक्टोबर १९४५ मध्ये मॉस्कोत ती सिंफनी पुन्हा वाजली. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी जिच्यापासून तिच्या कर्त्यानेच कान झाकून घेतले होते, ती या वेळी लोकांनी मन लावून ऐकली.